डोईचा शिमगा

फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १७८५. अकोला.

भोपळ्याचा तुंबा वाळला! मधोमध चिरला, कोरला, कडेले गवताची झालर शिवली — हुबेहूब साहेबाची टोपी! आमच्या ह्यांच्या डोक्यावर ठेवून पाहिली. म्हणतात, "सलाम कर, नाही तर तुया कापूस घेत नाही." हसून हसून माझं पोट दुखलं.

आमच्या लोकांत धुळवडीले डोक्यावर पागोटं चालत नाही. सूप, टोपलं, फुटका माठ — जे वेडं दिसल ते घ्यायचं. डोक्यावर ते असेपर्यंत कोणी काहीही बोललं तरी राग धरायचा नाही. सुनेनं सासऱ्याले नावानं हाक मारली तरी! डोईचा शिमगा म्हणतो आमी.

तुंबा शकुनसाठी. माझी नात, सहा वर्षांची, बापाजवळ अमरावतीले असते. तिची माय म्हणजे माझी सुभद्रा. कार्तिकात पटकीनं गेली, दीड दिवसात. तेव्हापासून पोर हसली नाही म्हणतात. मी हसवीन. नाही हसली तर नावाची आजी नाही!

शुद्ध षष्ठी.

सारा गाव बैल घेऊन कापसामागं. माझा सहदेव पण. "माय, समुद्रापार कुठं लढाई लागली म्हणे, म्हणून रुईले असा भाव. आता बैलबंडी अमरावतीले कशी नेऊ?" मी म्हटलं, "लढाई थांबल रे, शिमगा थांबत नाही." कुरकुरला. नेतो म्हणाला.

शुद्ध अष्टमी.

एक गोष्ट लिहायची टाळून राहिले. आता लिहिते.

सून मेली त्या घरात तिच्या मायच्या हातचा गुलाल लागेपर्यंत सण नाही. शिमग्याले माय जाते, कपाळाले बोट लावते, मग दुःखाचं दार उघडतं. अन् जावई दुसरी करायले मोकळा होतो. विहीणबाईचा, गोदाबाईचा, निरोप आला आहे — पोरगी पाहून ठेवली, फक्त तुमचा गुलाल अडला.

मी नाही नेणार गुलाल.

संध्याकाळी कमरेच्या पिशवीत भरला. पण लावणार नाही.

शुद्ध द्वादशी. मूर्तिजापूर.

वाटेनं बंड्याच बंड्या. रुई उडून बाभळींच्या शेंड्यांले अडकली. सुभद्रा असती तर म्हणाली असती — माय, बाभळींनी टोप्या घातल्या! सहदेवले सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

शुद्ध चतुर्दशी. अमरावती.

गोदाबाई दारातच. "टोपी बरी आठवणीनं आणली विहीणबाई, गुलाल आणला का?"

"विसरले," म्हटलं.

तिनं माझ्या कमरेकडं पाहिलं. मग पाणी आणायले आत गेली.

शकुन वाळून गेली. तिनं तुंबा डोक्यावर ठेवला, काढला, नीट कोनाड्यात ठेवला. "चांगला हाय आजी." सहा वर्षांची पोर अन् माझा मान ठेवून बोलते! त्यापरीस फेकला असता तर बरं वाटलं असतं.

वद्य प्रतिपदा. धुळवड.

सकाळपासून गल्लीत धिंगाणा. एकाच्या डोक्यावर भाकरीची टोपली, एकाच्या केरसुणीचा तुरा. एका बुढ्यानं परात घेतली होती अन् त्याची बायको मागून पळीनं ती वाजवे! पण आमच्या दारासमोर आले की सारे गप. टोप्या काढत, खाली पाहत पुढं जात. पलीकडं गेले की पुन्हा आरडाओरड.

शकुन तुंबा घालून उंबऱ्यावर उभी. कोणी सांगितलं नव्हतं, आपणच घातला. शेजारची एक पोरगी रंगाची मूठ घेऊन तिच्याकडं धावली, तर तिच्या मायनं मागं ओढलं. "तिथं नाही वं. त्यांचं दार उघडलं नाही अजून."

शकुन माझ्याकडं वळली. "आजी, आमी वाईट हावो का?"

"नाही वं बाई. तुयी आजी वाईट हाय."

पिशवीची गाठ सुटेना. दातानं सोडली. पहिले शकुनच्या गालाले लावला. मग जावयाच्या, वामनरावांच्या कपाळाले. ते ओसरीवरून उठून आले, मान खाली घालून समोर उभे राहिले. सुभद्रा कार्तिकात गेली म्हणतात. माझ्या हातून ती आज गेली. वामनराव मोठ्यानं रडले, एवढा बाप्या माणूस!

गोदाबाई गल्लीकडं ओरडली, "या वं साऱ्या! दार उघडलं आमचं!"

मग काय! सारी गल्ली आत. शकुनचा तुंबा घसरून नाकावर आला, दिसेना, खांबाले धडकली — अन् हसली! समोरचे दोन दात नाहीत, कोण शोभा! मी टाळ्या पिटल्या.

गोदाबाईनं माझ्या डोक्यावर सूप ठेवलं. "आज विहीणबाई नाही, नुसतं गोदा म्हणा मले."

म्हटलं, "गोदे, माझी पोर परत दे."

डोक्यावर सूप होतं, राग कोण धरणार? ती माझं सूप दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, कितीतरी वेळ.

वद्य पंचमी.

निघालो. शकुन खेळत होती. हाक नाही मारली.

चैत्र वद्य दशमी, शके १७८६. अकोला.

अमरावतीचा गाडीवान निरोप घेऊन आला. वामनरावांचं लग्न झालं. नवरीचं नाव मैना. माय-बाप नाहीत, मामाच्या घरी वाढली. तिनंच विचारलं म्हणे — "आखाजीच्या सणाले साऱ्या पोरी माहेरी जातात. अकोल्याची माय मले न्यायले कोणाले धाडल का?"

दिवसभर घर सारवलं. मग सहदेवले म्हटलं, जुप बंडी. दोघी पोरींले घेऊन ये.