पहिलं पाणी कुणाच्या घरचं

८ नोव्हें., शनि.

टाकी बसली. हुश्श.

खंडाळ्याच्या एका हॉटेलने मोडीत काढलेली स्टीलची टाकी, फिल्टरसकट, चार नळांची. तिच्यामागे महिनाभर फिरत होते. आज टेम्पोतून लोहगडवाडीत पोचली आणि गडाची वाट सुरू होते त्या कोपऱ्यावर उभी राहिली. नळ सोडला तर पाणी आलं. येणार नाही असंच मला वाटत होतं.

सा.उ. म्हणजे सामाजिक उद्योजकता. रोज एवढं कोण लिहिणार, म्हणून हे छोटं नाव. कॉलेजात या विषयाला प्रोजेक्ट सक्तीचं. वर्गात निम्म्यांनी ॲप काढलंय, उरलेल्यांनी ज्यूटच्या पिशव्या. माझं साधं आहे. गडावर येणाऱ्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या घेऊ नयेत, जवळची बाटली टाकीवर भरावी. उतारावरचा बाटल्यांचा खच शेवटी वाडीतल्या बायकाच वेचतात. त्यांनीच जागा दाखवली आणि टाकीला हळदकुंकूही वाहिलं. टाकी अगदी नवरीसारखी दिसत होती.

त्यांच्यातल्या कौसामावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हटलं, "नको मावशी, माझी बाटली आहे." त्या "बरं" म्हणाल्या आणि तांब्या आत नेला.

१६ नोव्हें., रवि.

भरपूर गर्दी. टाकीपाशी रांग. पोरं नळाखाली डोकं घालत होती, तेवढं सोडलं तर सगळं छान. उतारावर बाटल्या खरंच कमी दिसल्या. फोटो काढले. सा.उ.च्या सरांना पाठवले, त्यांचा अंगठा आला.

कौसामावशी आणि रंजनाताई जावा आहेत. घरं समोरासमोर, मधे अंगण एक. दोघींच्या दारात बाकडी, दोघींकडे जेवण मिळतं. पण पिठलं दोन्ही घरचं कौसामावशी करतात आणि भाकऱ्या दोन्ही घरच्या रंजनाताई थापतात. भाकरी मावशींना जमत नाही आणि पिठल्यात रंजनाताई मीठ विसरतात, असं दोघी एकमेकींबद्दल मला हसत हसत सांगतात. आज टोपली अंगणातून इकडून तिकडे फिरत होती. मी तिथेच बसून जेवले, पैसे देऊन. मावशी घेत नव्हत्या, पण मी ऐकलं नाही. पाणी माझं होतंच.

२३ नोव्हें., रवि.

वाईट दिवस. नीट लिहवत नाही.

पुण्याचा एक मोठा ग्रुप दर हिवाळ्यात येतो, कौसामावशींकडेच उतरतो. आज आले, टाकीवर पाणी प्यायले, बाटल्या भरल्या, आणि रंजनाताईंनी "या, बसा" म्हटल्यावर त्यांच्या बाकड्यांवर बसले. मावशी दारात तांब्या घेऊन उभ्याच होत्या. मग जे झालं ते

मावशी : "माजी मान्सं वडलीस."
रंजनाताई : "कुनी वडली? त्यांनी तुज्याकडं पानी तरी पेलंय का?"

पुढचं लिहीत नाही. वीस वर्षांचं सगळं निघालं, लग्नातल्या साड्यांपर्यंत. संध्याकाळी रंजनाताईंनी अंगणात मधोमध दोरी बांधली आणि तिच्यावर जुनी साडी टाकली. पिवळी. आता तिकडची भाकरी इकडे येत नाही.

मला काही कळलं नाही. स्कूटी काढली आणि लोणावळ्याला हॉस्टेलवर आले.

२४ नोव्हें., सोम.

लेक्चर बुडवून परत गेले. मावशी चुलीपुढे स्वतःच भाकरी थापत होत्या. कडेला फाटलेली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बस."

आता कळलं. इतके दिवस जातेय, आणि हे मला माहीतच नव्हतं.

वाडीत हाका मारून गिऱ्हाईक ओढत नाहीत. वर येणारा माणूस दमलेला असतो, ज्या घरचं पाणी तो पहिलं पितो त्या घरचा तो पाहुणा. पिशव्या तिथेच ठेवतो, भाकरी तिथेच सांगतो, उतरताना जेवतोही तिथेच. एकदा पाणी प्याला की दुसरं घर त्याला "या" म्हणत नाही. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ठाऊक नाही. ठरलेलं आहे.

आणि मी वाटेच्या तोंडाशीच टाकी ठेवली. सगळे तिथेच पाणी पितात. म्हणजे वाडीत पोचतात तेव्हा ते कुणाचेच नसतात.

म्हटलं, मावशी, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "आमाला तरी कुटं सुचलं? आमीबी खूश व्हतो, पोरी. कळश्या वाचल्या म्हून."

हे ऐकून जरा बरं वाटलं. म्हणजे मूर्ख मी एकटीच नाही, सगळा गाव माझ्याबरोबर आहे.

निघताना रंजनाताईंकडेही गेले. त्याही बोलल्या, सगळं बोलल्या. थोडं रडल्याही. मी विचारलं, तुम्ही दोघी माझ्याशी बोलता, एकमेकींशी का नाही? तर म्हणाल्या, "तू कुनाचीच न्हाईस ना. हिचं पानी न्हाई पेलीस, माजंबी न्हाई."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मला मात्र लागला.

१ डिसें., सोम.

सरांना सांगायचं की नाही, यावर आठवडा घालवला. २३च्या आधीचे फोटो फार सुंदर आहेत. तेवढेच दाखवले असते तरी कुणी विचारलं नसतं. टाकी, रांग, रिकामा उतार. पण त्या फोटोंकडे बघितलं की मागे पिवळी साडी दिसते, जी फोटोत नाहीच.

शेवटी आज सांगितलं. सर रागावतील असं वाटलं होतं. ते पेन फिरवत म्हणाले, "यातून काय शिकलीस ते नको सांगू, ते सगळे सांगतात. आता काय करणार ते सांग."

माहीत नाही म्हटलं. "मग ज्यांचं आहे त्यांना विचार," म्हणाले. कँटीनमध्ये जाऊन दोन वडापाव खाल्ले. 

५ डिसें., शुक्र.

सुदुंबऱ्याला घरी. उद्या पप्पा दादरला जाणार, चैत्यभूमीला. कंपनीतून आल्यापासून तयारी. आई चपात्या बांधतेय आणि पप्पा नेहमीप्रमाणे पाण्याच्या बाटल्या भरताहेत, दोन स्वतःला आणि दोन बरोबरच्यांना.

आमच्या घरचा हा नियमच. बाहेर निघालं की पाणी आपलं न्यायचं, कुणाकडे मागायचं नाही. शाळेत असल्यापासून माझ्या दप्तरात वह्यांआधी बाटली. का, ते कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

पप्पांनी बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. म्हणाले, "लहान व्हतो. आईबरोबर एका गावाला गेलतो, लय ऊन. एका घरी पानी मागितलं. त्यांनी दिलं, न्हाई म्हनले न्हाईत. पन लांबनं, वरनं वतलं. वंजळीत. निम्मं सांडलं. आईनं तिचं मला पाजलं." मग म्हणाले, "तवापास्नं आपली बाटली बरी वाटती."

मी वाडीबद्दल सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीचा तांब्याही. पप्पांनी ऐकलं आणि विचारलं, "तांब्या कसा धरलावता? हातात देत व्हती का वरनं?"

हातात, म्हटलं. स्वतः प्यायच्या त्याच तांब्यातून.

पप्पांनी मान हलवली. माझ्या बॅगेत मात्र त्यांनी बाटली भरून ठेवलीच.

७ डिसें., रवि.

वाडीत दुपारनंतर गर्दी ओसरली तेव्हा बायका टाकीपाशी जमल्या. मी बोलावलं होतं. म्हटलं, टाकी काढून टाकू का? मनातून अगदी तयार होते. टेम्पोवाल्याला विचारूनही ठेवलं होतं.

कुणालाच नको होतं ते. पाणी चांगलं आहे, पोटं बिघडत नाहीत, कळश्या वाचतात. एक म्हणे टाकी वर गडाच्या पहिल्या दरवाजापाशी न्या. तिथे पाणी कोण चढवणार? दुसरी म्हणे कुलूप लावा. आवाज वाढले. कौसामावशी एका टोकाला, रंजनाताई दुसऱ्या, दोघी टाकीकडे बघून बोलत होत्या, जणू टाकीच तिसरी जाऊ.

शेवटी रंजनाताई वैतागल्या. "आगं, पानी आमाला दे की. लोकांना आमी देतो."

सगळ्यांनी रंजनाताईंकडे बघितलं. मीही.

एवढंच. टाकी वाटेवरून उचलायची आणि घरांच्या मागे, शाळेच्या भिंतीला लावायची. नळ फक्त वाडीला. बायका तिथून भरणार आणि दारात पाणी देणार, पूर्वीसारखं. ट्रेकर्सच्या बाटल्याही दारातच भरून देणार. माझी टाकी राहते, त्यांची रीतही राहते.

"ती बोलली त्ये बराबर हाय," असं कौसामावशी म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तिच्याकडे नाही. पण म्हणाल्या.

टाकी आजच हलवली. टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हटलं. येताना भाजे गावाच्या उतारावर स्कूटी बंद करून सोडली, नुसती घरंगळत खाली. किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं. (आईने हे वाचलं तर संपले.)

साडी अजून आहे.

१५ डिसें., सोम.

प्रेझेंटेशन झालं. सुटले.

सगळं सांगितलं. आधीचं, नंतरचं, पहिल्या पाण्याचं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "मग हे प्रोजेक्ट यशस्वी म्हणायचं की अयशस्वी?" सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मॅडम, पाण्याचं जमलंय. पण अंगणात अजून साडी बांधलेली आहे. ती सुटेपर्यंत मी यशस्वी म्हणणार नाही."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. सा.उ.चे मार्क काय यायचे ते येवोत.

नंतर सरांनी विचारलं, आता प्रोजेक्ट संपलं, अजून जाणार का तिकडे? जाणार, म्हटलं. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही हे बरं केलं.

२१ डिसें., रवि.

निघताना बाटली भरली. मग ओतून टाकली आणि हॉस्टेलच्या खिडकीत ठेवली.

भीती होती. तहानेची नव्हती. एकीकडचं पाणी प्यायले की दुसरीची मी राहणार नाही, आणि दोघींशी बोलणारी मी एकटीच उरलेय. भाजे सोडलं तेव्हाच घसा कोरडा. वाडीत पोचले तर साडी तशीच. मधे थोडी ढिली झालीय, तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलाय.

कौसामावशी दारात होत्या. नेहमीसारखा तांब्या पुढे केला, माझ्या नकाराची सवय असल्यासारखा, अर्धवट. मी दोन्ही हातांनी घेतला. तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायले. थोडं हनुवटीवरून सांडलं. मावशी बघतच राहिल्या. मग "आजून देऊ का?" म्हणाल्या आणि पदराने माझी हनुवटी पुसली, मी लहान असल्यासारखी. मला रडू आलं ते मी खोकला म्हणून खपवलं.

साडीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

मी उंबऱ्यावर बसले. मावशीही. त्यांच्या चुलीवर पिठलं होतं आणि बाजूला त्यांच्या फाटक्या कडांच्या दोन भाकऱ्या.

मग साडीच्या वरून एक हात आला. पीठ लागलेला, हातावर गरम भाकरी. रंजनाताई म्हणाल्या, "पाव्हनी तिची, तर जेव तितंच. पन ती भाकर खाऊ नगंस. दात पडतील."

मावशींनी उठून भाकरी घेतली.  एका वाटीत पिठलं काढलं, क्षणभर हातात धरून उभ्या राहिल्या, आणि ती वाटी साडीवरून पलीकडे दिली. ती घेतली गेली. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "मीठ बराबर हाय."

साडी कुणी सोडली नाही. मीही विचारलं नाही.

खाली येऊन पप्पांना फोन केला. म्हटलं, पप्पा, आज वाडीत पाणी प्यायले. तांब्याने.

  पप्पांनी विचारलं, "गोड हाय का तितलं?"