आमच्या गल्लीला सगळं येतं

धाकटोबास थोरल्या बहिणीचे, टकलावर हात ठेवून, भरपूर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की कुणी काम सांगितल्यावर, ते नीट कळव, कारण दोन्हींची औषधं वेगळी. आम्ही सगळे खुशाल. माझे दात सोडले तर घरातून कोणी गेलेलं नाही. पत्र माझा थोरला लिहितोय. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही, असं ठरलंय. (एखाद्या जागी अक्षर फार दाबून आलेलं दिसलं, तर तिथे त्याच्याबद्दल काहीतरी आहे असं समज.)

अरे, इतकं आयुष्य काढलं पण असं नवल पाहिलं नव्हतं. शेतकी कॉलेजातून एक बाई आली. तरणीताठी, चपला धुळीने माखलेल्या, हातात काचेची पाटी. बोटाने टिचकी मारली की पाटीवर प्रश्न उमटतो. ती संशोधन करते म्हणे. कसलं, तर इथल्या माणसांना काय काय येत नाही आणि काय शिकवायला हवं, त्याचं. मला आधी थट्टाच वाटली. आपल्याकडे काय आहे ते विचारायला आजवर पुष्कळ आले, जमीन किती, जनावरं किती, मतं किती. पण तुला काय शिकावंसं वाटतं, हे मला ना आईबापांनी विचारलं ना सासरच्यांनी. ही बाई मात्र भर उन्हात दारोदार तेच विचारत फिरते, आणि उत्तर ऐकताना मान अशी पुढे काढते, जणू आपण तिला काही दान देणार आहोत. मी तर बघतच राहिले. मला विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. (हो, माझ्याच. हसू नकोस.)

आता नातीचं, थोरल्याच्या लेकीचं, तुला ठाऊक आहे. बारावी झाल्यापासून पोरीच्या डोक्यात एकच, इंजिनं आणि पंप दुरुस्त करायला शिकायचं. तो वर्ग लांबच्या शहरात, तिथे राहावं लागतं, आणि बाप म्हणतो राहायला पाठवणार नाही. वर ऐटीत म्हणायचा, इथे असता तर पहिल्या दिवशी मी स्वतः नेऊन बसवली असती. इथे काही नव्हतंच, मग बोलायला काय जातंय.

तर बाई आमच्या पडवीत आली तेव्हा थोरला पाण्याचा पंप उघडून बसला होता. उघडला होता पेरणीच्या आधी, आणि पीक गुडघ्याएवढं झालं तरी त्याला तो परत जोडता आलेला नव्हता. बाई फाटकात दिसताच त्याने सगळ्या तुकड्यांवर पोतं टाकलं. बाईने विचारलं, पंपदुरुस्ती येते का? म्हणाला, येते. माती तपासणं? येतं. कलमं बांधणं? तेही येतं. बाई बिचारी चहाची कपबशी पोत्यावर ठेवून टिचक्या मारत होती, आणि कपबशी कलती ती कलतीच. ती शेजारी वळली तशी याने स्कूटर काढली. त्याच्या मते ही परीक्षा होती, आणि याला फुटलेला पेपर वाटून पुण्य मिळवायचं होतं. बाईच्या पुढे पुढे घरोघर जाऊन सांगत सुटला, काहीही विचारलं तरी 'येतं' म्हणा, गल्लीच्या अब्रूचा प्रश्न आहे. कोंबडीवाला तर, मधमाश्या पाळता येतात का, यालाही हो म्हणाला. माशी दिसली की हा घरात पळतो.

मग बाईने दूधसंघाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि भिंतीवर रंगीत चित्र पाडलं. शेजारच्या वस्त्यांचे उंच उंच खांब. आमच्या जागी नुसती जमीन. गरज शून्य. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिला नंबर आला म्हणून. थोरल्याने सर्वांत जास्त वेळ वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत बाई थांबली, आणि मग हळूच म्हणाली की खांब जिथे सर्वांत उंच, तिथे इंजिन-पंपाचा वर्ग उघडणार आहे. इथे लागतच नाही, तर इथे नाही.

नातीने बापाकडे पाहिलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी कंबर धरून उठतच होते, माझ्या जिभेवर बरंच काही तयार होतं. पण माझ्या आधी थोरला उभा राहिला. खुर्चीची पाठ धरून म्हणाला, "बाई, मला येत नाही." (इथे त्याचा हात थांबलाय. लिही म्हटलं, लिही.)

धाकटोबा, माझ्या अंगावर काटा आला. आपल्या बापाच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नाहीत, नवऱ्याच्या तर नाहीच. रस्ता चुकला तरी मला हीच वाट दाखवायची होती म्हणणारी ही माणसं. माझ्या पोटचा पोर भर सभेत तसं म्हणाला, आणि छप्पर काही कोसळलं नाही. उलट कोंबडीवाला उठला, म्हणाला मलाही नाही येत. मग जी चढाओढ लागली! शेवटी तर कोंबडीवाला अंडं कुठून येतं तेही माहीत नाही म्हणू लागला.

बाईने कपाळाला हात लावला. म्हणाली, यातलं खरं कोणतं ते मला डोळ्यांनी बघू द्या. मग दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येकाने घरात लपवलेलं मोडकं दाराबाहेर आणून मांडलं. फवारणीपंप, कडबा तोडायची यंत्रं, गंजलेली इंजिनं, पार वळणापर्यंत. आमचं दळिद्र एवढं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि बाई त्यातून अशी चालत होती, जशी मी कुणाच्या पिकलेल्या बागेतून चालेन. वर्ग आता इथेच होणार. थोरल्याने नातीचं नाव पहिलं दिलं. हे पत्र फक्त ती आनंदाची बातमी कळवायला. दुसरं काही काम नाही.

तुझी ताई

ता. क. थोरला गुरांकडे गेला, आता सूनबाई लिहितेय. काम आहे. वर्गाला शिकवणारा मिळत नाहीये, नाही मिळाला तर वर्ग गेला. तू जन्मभर वर्कशॉपात पंप जोडलेस, म्हणून मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. बाईने लिहूनही घेतलं. कपडे घेऊन ये.

ता. क. दुसरा. हे नात लिहितेय, तिचं अक्षर बघ कसं सरळ आहे. नवी इंजिनं तुला कळत नसली तर तसं बाईला तोंडावर सांग, लाजू नकोस. ती तुझ्यासाठी दुसरा शिकवणारा शोधेल आणि तुला वर्गात बसवेल. तिथे तुझ्या ताईच्या शेजारची जागा मी धरून ठेवलीय.