पहिल्याच फटक्यात

प्रिय धाकट्या,

परदेशी जाताना तू म्हणालास, "दादा, गाडीची बॅटरी तेवढी उतरू देऊ नकोस. परत आलो की किल्ली फिरवायची आणि आईला फिरायला न्यायचं." मी ते मनावर घेतलं. दर रविवारी प्रार्थना झाली की बॅटरीची वायर जोडायची, लांब फेरी मारून यायचं आणि वायर सोडवून ठेवायची. नुसतं जागेवर इंजिन चालवून बॅटरी भरत नाही, म्हणून फेरी. अंथरुणाला खिळलेली आई तो आवाज ऐकून म्हणायची, "येतोय वाटतं माझा लेक."

परवा एक माणूस तुझ्याजवळची दुसरी किल्ली आणि नवी बॅटरी घेऊन दारात आला. गाडी त्याने तुझ्याकडून विकत घेतली होती. मी वायर जोडली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तो हसला. "कमाल आहे काका. तुमचे भाऊ म्हणाले, बॅटरी केव्हाच मेली असेल, तिकडे कोण बघतंय. ते आता कायमचे तिथलेच झाले ना?"

मी मान हलवली, जणू मला ठाऊकच होतं.

आज रविवार. आईने विचारलं, "गाडीचा आवाज नाही आला रे?"

"बॅटरी उतरली, आई."

हे पत्र टपालात टाकणार नाही. वाचून तू फोन करशील आणि आई पुन्हा वाट बघत बसेल. देवापुढे बसून मी त्या खोट्याची क्षमा मागितली. रोज तुझ्यासाठीही काही मागतो. आज मागता आलं नाही.

तुझा,
दादा