चूलबंद आवतण

१२ जानेवारी, सोमवार

दिपा आली! सेनगावहून जीपच्या टपावर बॅग टाकून आली. एका संस्थेची पोरगी हाये, वरीसभर गावाची सेवा करणार अन्‌ आपल्याच घरी ऱ्हाणार. "पगार काय देतेत गं?" विचारलं. "चहापाण्यापुरता, आजी." चिपळूणची हाये. एवढ्या लांबून भेट काय आणावी? वाळलेले मासे! आमच्या सुनबाईनं, मिनानं, नाकाला पदर लावला. मी तिखट लावून तव्यावर टाकले. दोन खाल्ले. तिसरा मिनाचं तोंड बघून ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. दिपा दारोदार विचारत फिरली, "तुमच्या समस्या काय आहेत?" सणाच्या दिवशी! शेजारची रुख्मिणीबाई म्हणली, "आधी तिळगूळ घे माय. तुझ्या काय हैत ते सांग, मग माझ्या सांगते."

१६ जानेवारी, शुक्रवार

आज बाजार. दिपा माझ्या भाजीच्या पालाखाली बसली. मेथीची जुडी बांधायला शिकवली, तिनं अशी बांधली की गिऱ्हाइकाला सोडता येईना! दुपारी हळूच कानात म्हणती, "आजी, इथं बायकांची सोय कुठंय?"

मी एवढी हसले की वांगे घरंगळले. सोय! पाल सोडून घरी कोण जातं? दिवस बुडून बाजार उठला की सोय. तोवर घोटभर पाणी पिऊ न्हाई, बस. रुख्मिणीबाईला त्याच्यानंच मुतखडा झाला. हिंगोलीचा डॉक्टर म्हणला, पाणी पीत जा. ही त्याला म्हणली, "पिते की! तुमी आमच्या बाजारात संडास बांधा, मी हिर आटवते."

दिपानं दिवसभर दम काढला. संध्याकाळी घराकडं अशी पळाली की कुत्रे मागं लागले. बाहेर येऊन म्हणती, "आजी, हे मी होऊ देणार नाही." डोळे लाल झाले होते पोरीचे. मला हसू येऊन ऱ्हायलं होतं, ते एकदम थांबलं.

बाजाराशेजारी पंचायतीची मोकळी जागा हाये. तिथं संडास पाहिजे असा ठराव आधी महिला सभेत करायचा, मग सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत. पण सरपंच विश्वंभरला तिथं दुकानाचे गाळे काढायचेत. दिपानं विचारलं, महिला सभेला बाया किती येतेत? म्हणलं, दोन. एक अंगणवाडीची, तिला यावंच लागतं. दुसरी मी, मला घरी करमत न्हाई.

१९ जानेवारी

दिपानं भिंतीभिंतीला कागद चिकटवले. गुरुवारी महिला सभा, सगळ्यांनी यावे. मारुतीपुढचा शेळीनं खाल्ला. पोरगी हिरमुसून बसली. बाया आल्या न्हाईत तर ठराव न्हाई, जागा गाळ्याला जाणार. म्हणलं, येडे, कागद वाचून कोण येतं? दारात जावं लागतं, नाव घेऊन आवतण द्यावं लागतं. ते मी देते! गावातल्या निम्म्या लग्नाचे आवतणं मीच दिलेत.

२० जानेवारी

दिले आवतणं.

आता जे झालं ते लिहिते. पहिल्या दोन घरी म्हणलं, "मीटिंगला या." "बघू." तिसरं घर रुख्मिणीबाईचं. तिथं तोंडाला सवय ती सवय – "गुरुवारी शाळेत या गं, चूलबंद!"

निघून गेलं तोंडातून! चूलबंद म्हंजे घरात चूल पेटवायची न्हाई, लेकरं-म्हातारे सगळ्यांनी जेवायला यायचं. रुख्मिणीबाईचा चेहरा असा खुलला की मला माघारी घेववेना. अन्‌ एकीला चूलबंद सांगून दुसरीला कोरडं कसं सांगावं? गावभर तसंच सांगितलं.

मजा आली.

२१ जानेवारी

मिनाला कळलं. पिठाचा डबा लपवलाय.

२२ जानेवारी, गुरुवार

अख्खं गाव! बाया, नवरे, लेकरं, काठी टेकत म्हातारे. दिपा खुशीनं टाळ्या वाजवून ऱ्हायली. मग हळूच, "आजी, सगळ्यांच्या हातात ताट काहून हाये?" – काहून म्हणायला शिकली बघा! मी सांगितलं. पोरगी खालीच बसली.

रुख्मिणीबाईनं मला सगळ्यांदेखत झापलं. "जनकाबाई, लग्न कुणाचं हाये? तुझं?" मग तीच पदर खोचून उठली. कुणी पीठ आणलं, कुणी बेसन, कुणी सरपण. मिनानं लपवलेला डबा स्वतः आणून आदळला. तीन दगडाच्या चुली मांडल्या. गडीमाणसं झाडाखाली बसवले.

अन्‌ पिठलं शिजेपर्यंत बाया जातेत कुठं? सभा झाली! दिपा बोलली, मग रुख्मिणीबाई मुतखड्यावर बोलली, तिला तर थांबवावं लागलं. ग्रामसेवक म्हणला, "ठराव मान्य असेल तर हात वर करा." रुख्मिणीबाई म्हणली, "पिठाचे हैत. चालतेत का?" सगळे हात वर!

जाताना विश्वंभर हसत म्हणला, "मावशी, ह्या पिठल्याला आल्या, ठरावाला न्हाई. सव्वीसला ताट नसंल, मग बघू."

खरं असंल का त्याचं?

२४ जानेवारी

विश्वंभरची बायको दारोदार आली. सव्वीसला त्यांच्या शेतावर जेवण. पुऱ्या, जिलेबी. जेवण कधी? बराबर ग्रामसभेच्या टायमाला! अन्‌ आवतण कसं? चूलबंद!

माझीच विद्या माझ्यावर. दिपा म्हणती, "एक दिवस जेवू नका असं सांगू या का, आजी?" म्हणलं, न्हाई. जिलेबी वर्षातून एकदा दिसती लेकराला. कोणत्या तोंडानं सांगू?

रुख्मिणीबाईनं आवतण हसून घेतलं. मी भिंतीआडून ऐकलं.

२६ जानेवारी

सकाळी अंगणात आले. थंडी होती. रुख्मिणीबाईच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज. म्हणलं, आज चूलबंद हाये, ही विसरली की काय! मग पलीकडच्या घरातून. मग त्याच्या पलीकडून. सगळ्या गल्लीत थाप-थाप-थाप.

रुख्मिणीबाई भिंतीवरून ओरडली, "जनकाबाई, बघत काय बसलीस? दोन घास खाऊन घे. सभा लांबंल."