ओवा घातलेला सॉस

४ जानेवारी १९७७, मंगळवार

अजीजाबी आली होती. मागच्या दाराने!

शालनच्या लग्नाला दीड वर्ष झालं, पण तिची सासू आमच्या दारात आज पहिल्यांदा. बुरखा वर केला आणि धुण्याच्या दोरीपाशी उभी राहिली. मी आत या म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ती आली नसती. म्हणाली, "शालन की अम्मा, लडकी कू सातवा लगा है." माझ्या मुलीला सातवा महिना, आणि मला आज कळतंय. तेही परक्या बाईकडून.

"कुछ बी खाती नै. दो निवाले खाती, थाली सरकाती. तुमारे हात का वो टमाटे का सास होना बोलती. पिज्जे पे लगाते सो."

मी म्हटलं, बघते. एवढंच. स्टोवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून आत आले. काहीतरी वाटायला हवं होतं. आनंद, नाहीतर राग तरी. नाही वाटलं. दूध उतरवलं आणि झाकून ठेवलं.

५ जानेवारी

काही केलं नाही.

६ जानेवारी, गुरुवार

बसव्वा भाजी घेऊन आली. "अक्का, टमाटे घे की. लई लाल हायत." पाटी माझ्यापुढे सारून बसली. मी हातात एक टोमॅटो घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. शेवटी तीच म्हणाली, "काय गं, अंगात ताप हाय का?"

पोटुशी बाईचे डोहाळे आईने पुरवायचे असतात. नाही पुरवले तर पोर लाळ गाळतं म्हणतात. माझा विश्वास नाही. तरी घेतले. बसव्वाने वर दोन फुकट घातले.

हा सॉस महिला मंडळात शिकलेला. मुंबईच्या एक बाई आल्या होत्या वर्ग घ्यायला. पिझ्झा म्हणजे काय, तर जाड रोटावर टोमॅटोचं घट्ट कालवण आणि वर डब्यातलं चीज. आम्ही मायलेकी मिळून गेलो होतो. घरी येऊन तव्यावर केला — खालून करपला, वरून कच्चा! शालन म्हणाली, ह्याला भट्टीच पाहिजे. दुसऱ्या दिवशी झाकलेलं ताट घेऊन विजापूर वेशीतल्या बेकरीत भाजायला गेली. बेकरी अजीजाबीच्या मुलाची, बंदेनवाजची. मग दर आठवड्याला आमच्या घरी पिझ्झा! मला वाटलं, पोरीला स्वयंपाकाची गोडी लागली. माझ्या अकलेचं काय सांगावं.

रजिस्टर लग्न करून आली त्या दिवशी यांनी दार उघडलं नाही. "ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाय." मी काढलं नाही. सुरुवातीला नाव तोंडात यायचं, ते गिळायचे. मग यायचंच बंद झालं. सोपं असतं ते. कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

८ जानेवारी, शनिवार

केला आज. हे जकात नाक्यावर ड्युटीला गेले आणि मी बसले.

टोमॅटो कढत पाण्यात टाकले, सालं काढली. पुरणयंत्रातून फिरवले. पुरणयंत्र लाल झालेलं पाहून सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं! पितळी पातेल्याची कल्हई गेलीय, आंबट कळकेल, म्हणून जर्मनचं घेतलं. तेलात लसूण, कांदा. मग रस. मीठ, साखर, थोडं तिखट, शेवटी शिरका. आणि ढवळत बसायचं. ढवळायला बरं वाटतं. डोक्याला काम नसतं.

मुंबईच्या बाईंकडे कसली तरी परदेशी वाळलेली पानं होती. म्हणाल्या, सोलापुरात मिळायची नाहीत, त्याऐवजी चिमूटभर ओवा चुरून घाला, वास थोडा तसाच येतो. मी चिमूटभर घ्यायला गेले आणि हाताने आपोआप भज्यात घालतो तसा मूठभर घेतला. चोळला आणि टाकला. म्हटलं, असू दे.

संध्याकाळी हे आले. "कसला वास हाय गं?"

"टोमॅटोचं कालवण."

भाकरीबरोबर खाल्लं, परत मागितलं. "आज बरं झालंय की. असं करत जा." मी वाढलं. समोर बसून बघत राहिले. हसू यावं अशी गोष्ट होती ती, पण आलं नाही.

१० जानेवारी, सोमवार

अजीजाबी येऊन बाटली घेऊन गेली. हॉर्लिक्सची धुऊन ठेवलेली, तीत भरला होता. बाटली बुरख्याखाली धरून म्हणाली, "तुमे बी चलो ना." मी म्हटलं, घरात काम आहे. काम काही नव्हतं. ती वळली तेव्हा दिसलं, चप्पल तुटलीय, अंगठ्याला सुतळी बांधलीय. विजापूर वेशीपासून तशीच चालत आली असणार.

१२ जानेवारी

निरोप नाही. खाल्ला असेल.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

शेजारच्या मथुराबाई तिळगूळ घेऊन आल्या. बरोबर त्यांची पोटुशी सून. मी आमची वडी सुनेच्या हातावर ठेवणार तेवढ्यात मथुराबाई माझ्यावर ओरडल्या, "अगं अगं, तिला नगं! तीळ उष्ण. तीळ न्हाय, पपई न्हाय, ओवा न्हाय. ओवा काय तो बाळंत झाल्यावर!"

मी हसून वडी परत डब्यात ठेवली. डब्याचं झाकण लावलं. ओवा. मूठभर.

मला हे माहीत नव्हतं का? माझ्या माहेरी, अकलूजला, बारकी पोरसुद्धा सांगेल. चार बायकांना मी स्वतः सांगितलंय. आणि स्वतःच्या मुलीच्या सातव्या महिन्यात मूठभर ओवा घालून बाटली पाठवली! कारण ती माझी मुलगी आहे हे हाताला आठवलंच नाही. कुणासाठी करतेय तेच मी मनात आणलं नव्हतं. नुसतं ढवळत होते.

गड्ड्याच्या जत्रेला सगळी गल्ली लोटलीय. हेही गेलेत. मी घरात एकटी डब्यापुढे बसलेय.

१५ जानेवारी, शनिवार

गेले. कुणाला विचारलं नाही.

बेकरीच्या मागेच घर. बंदेनवाज पीठ मळत होता, मला बघून हात पिठातच ठेवून उभा राहिला. "अम्मीऽ" अशी हाक मारली. एवढा दांडगा गडी, पण आवाज लहान मुलासारखा फुटला. मी सरळ आत गेले.

शालन बाजेवर पडलेली. पोट तेवढं दिसतं, बाकी काही राहिलेलं नाही. हाताची हाडं दिसतात. मी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. "तो सॉस खाल्लास का?" म्हटलं. ओरडलेच बहुतेक. "किती खाल्लास? पोटात दुखतंय का?"

तिने फळीकडे हात केला. बाटली तिथं होती. झाकणावर मी बांधलेलं फडकं, गाठसुद्धा तशीच.

"मी मागितलाच नव्हता, आई."

मी अजीजाबीकडे वळले. ती दारात पदर बोटाला गुंडाळत उभी. "मै झूट बोली," म्हणाली. "उने कुछ नै मांगी. दिनभर दीवार कू देखते पडती. डाक्टरनी बोली खून कम है. मै क्या करती? सातवे महिने में बी मा नै आई तो कब आएगी? डोहाळे का नाम लेई तो तुमे इन्कार नै करते, मालूम था मेरेकू." आमच्याच रीतीने तिने मला पकडलं. आणि मी चार टोमॅटो शिजवून, बाटली तिच्या हातात देऊन मोकळी झाले होते.

मी शालनला विचारलं, "उघडलीस का नाही?"

"तुझ्या हातचं खाल्लं असतं तर रडायला आलं असतं. एकदा सुरू झालं की थांबत नाही मग."

मी तिथंच बाजेच्या कडेला बसले आणि रडले. तीही रडली. सांगितलं तसं थांबलं नाही, लई वेळ!

मग अजीजाबीच्या चुलीवर नवा केला. ओवा नाही. बंदेनवाजने रोट लाटून भट्टीत सरकवला. चीज कुठलं, म्हशीचं दूध नासवून वर घातलं. शालनने अर्धा खाल्ला. अजीजाबी भिंतीला टेकून प्रत्येक घास बघत होती.

निघताना शालनने माझा पदर धरला. "आई, मला भीती वाटते. बाळंतपणात तू असशील ना?" बाईला पहिल्या खेपेला माहेरी नेतात. हिचं माहेर कुठलं? मी म्हटलं, झोप आता.

१७ जानेवारी, सोमवार

यांना सांगितलं. जेवायच्या आधीच. जेवण झाल्यावर सांगायचं धाडस राहिलं नसतं.

म्हटलं, शालन दिवसांत आहे. मी जाऊन आले. पोरीच्या अंगात रक्त नाही. पहिलं बाळंतपण आईने करायचं असतं. तिला इथं आणू द्या, नाहीतर मी तिथं जाते. बाळंत होईपर्यंत.

हे पाटावर बसले. ताटाला नमस्कार केला आणि जेवले. यांचं गाव मोडनिंब, तिथल्या मातीतलेच ते, ढेकूळ भिजेल पण फुटायचं नाही. झोपताना अंगावर पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, विचार करतायत. एवढी वर्षं संसार केला, पण अजून मला यांच्या गप्प बसण्यातलं काही कळत नाही. शालनही तशीच भिंतीकडे बघते. बापाचंच घेतलंय.

घरातले डाळ-तांदूळ मी संध्याकाळीच नीट लावून ठेवले होते. मथुराबाईंनाही तेव्हाच सांगितलं, यांच्या भाकरीचं बघा. त्या काही विचारायच्या आत घरी आले.

१८ जानेवारी

सकाळी बोलले. "त्या उंबऱ्यात परत पाय टाकलास, तर तुझ्या नावानं आंगोळ करून मोकळा व्हईन."

बंब पेटवून ठेवलाय. पाणी तापेपर्यंत मी वेशीत पोचेन.