तीनशे चाळीस ओळी, हाताने

१४ सप्टेंबर, रविवार. देवास
धार-देवास मराठी मंडळाची बैठक. अध्यक्ष गणोजीराव धारहून आले. घरातल्या सगळ्या तिथी त्यांच्या पत्नीच्या डोक्यात होत्या. त्या गेल्या वर्षी वारल्या. म्हणून ठराव: प्रत्येक घराला वाडवडिलांच्या तिथीचा मेसेज, आदल्या दिवशी. घरं चारशे बारा. ऑक्टोबर मी चालवणार, नोव्हेंबर माझी पुतणी वेदिका. ज्याचं नीट चालेल तो मंडळाचा माहितीमंत्री. कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यात मी तीस वर्षं काढली आहेत. निवड कसली, खुर्ची माझीच.

१७ सप्टेंबर
वेदिकाचं 'काम' पाहिलं. स्क्रीनवर रंगीत डबे ओढते, बाणांनी जोडते, बटण दाबते. कोडची एक ओळ नाही. म्हणाली, काका, इधर से डेटा आता है, उधर निकलता है, बस. ही भातुकली झाली. हिला मंत्री केलं तर मंडळ बुडालंच.

संकल्प: उद्यापासून रोज शंभर ओळी, हाताने.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. वडे जरा जास्त झाले. एकूण ओळी: अकरा. त्यातल्या चार माझं नाव आणि तारीख.

२९ सप्टेंबर
झाला! तीनशे चाळीस ओळी. तिथ्यांसाठी नेटवर हिंदी पंचांगाची फाइल फुकट मिळाली. मेसेज मुद्दाम आखूड ठेवला: 'उद्या आपल्या वडिलांची तिथी.' कमी शब्द, कमी चुका.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, वय शहात्तर, चष्मा पुसत आली. यात वद्य पक्ष कुठे आहे ते दाखव म्हणाली. मी सांगितलं, अक्का, हा कोड आहे, पोथी नाही. ती आणखी काही सांगत होती. मी कंस मोजत होतो.

३ ऑक्टोबर
बाबांची तिथी, आश्विन शुद्ध एकादशी. मेसेज काल बरोबर आला. एक बरोबर म्हणजे सगळे बरोबर. आणखी तपासणं हा कोडचा अपमान आहे.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
गणोजीरावांचा फोन. वडिलांचं श्राद्ध यथासांग झालं. वीस पानं, खीर, वडे. पंडितजी इथलेच, माळव्यातले. त्यांनी 'कार्तिक' म्हणून संकल्पही सोडला. म्हणाले, अरविंद, तू माझी लाज राखलीस, ती गेल्यापासून मला हीच धास्ती होती. मला भरून आलं. वेदिकाला मुद्दाम सांगितलं.

२६ ऑक्टोबर
वेदिका लॅपटॉप घेऊन आली. अक्का तिच्या डब्यांवरून बोट फिरवत बसली, पापड मोजल्यासारखी. एका बाणापाशी थांबली. म्हणाली, इथे अजून एक डबा घाल, वद्य असेल तर पंचांगात पुढचा महिना बघायचा. वेदिकाने लगेच घातला. शहात्तर वर्षांची बाई डेटाचं शास्त्र सांगते आहे! मी हसत हसत कचोरी आणायला गेलो.

८ नोव्हेंबर
गणोजीरावांचा फोन. वेदिकाचा मेसेज आलाय, उद्या वडिलांची तिथी. मग गेल्या महिन्यात मी कोणाला जेवू घातलं?

तिथी आहे कार्तिक वद्य पंचमी. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. वद्य पक्षात त्यांचं महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एक पुढे. म्हणजे त्यांचा कार्तिक दिवाळीआधीच सुरू, आपला दिवाळीनंतर. ऑक्टोबरमध्ये वद्य पक्षातल्या सगळ्या घरांना माझे मेसेज महिनाभर आधी गेले. शुद्ध पक्षातले बरोबर.

चूक कोडची नाही. चूक पौर्णिमेची आहे.

९ नोव्हेंबर
गणोजीरावांनी आज पुन्हा श्राद्ध केलं. माफी मागायला फोन केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ती असती तर असं झालं नसतं. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारचं जेवण गेलं नाही. बरं, अक्काला हे माहीत होतं तर तिने ओरडून का नाही सांगितलं?

१६ नोव्हेंबर. धार
निवडीची बैठक. वेदिकाने डबे भिंतीवर मोठे करून दाखवले. मंडळातल्या राजाबाई कधी कॉम्प्युटरला शिवल्या नाहीत, त्यांनीही विचारलं, माहेरची तिथी कुठल्या डब्यातून जाईल. सगळे माना डोलवत होते. माझा कोड कोणी मागितला नाही. प्रिंट नेली होती, नऊ पानं.

शेवटून दुसरा डबा हिरवा होता: 'अरविंदकाकांची तपासणी'. मी ताठ बसलो. पोरीला जाण आहे. गणोजीरावांनी विचारलं, हा काय करतो? वेदिका गडबडली. म्हणाली, कुछ नहीं काका, मान के लिए रखा है.

अक्काने माउस मागून घेतला. माझा डबा काढला, मागचा बाण पुढच्या डब्याला जोडला, बटण दाबलं. चारशे बारा घरं, एकही तारीख हलली नाही.

फार वाईट वाटलं. टाळ्या मात्र पहिल्या मीच वाजवल्या.