बाबांची क्वाड आणि बेकॲपलची जागा

स्प्लिट कोव्ह,
सप्टेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय ग्लेन्डा,

परवा फोनवर तू इतका वेळ बोललीस की माझ्या बटाट्यांचं पाणी आटून ते भांड्याच्या तळाला लागले. "आई, ती क्वाड विकून टाक, नाहीतर आत्याला सांगून किल्ली काढून घेते," असं म्हणालीस आणि लगेच रडायला लागलीस. रडणाऱ्या माणसाशी धड भांडता येत नाही, म्हणून हे पत्र. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही. शिवाय तिकडे अल्बर्टात बसून तुला इथल्या बातम्या युनिसआत्याकडून मिळतात, आणि आत्याचं तुला ठाऊक आहे. तिच्याकडे मांजर शिंकलं की गावात न्यूमोनियाची साथ येते. माझी सख्खी नणंद आहे, लग्न झाल्यापासून सोसते आहे, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे. काल ती 'सहज' चहाला आली आणि दाराजवळच्या खुंटीकडे टक लावून बसली. मी पोट फुगेस्तोवर चहा पाजला आणि वाटेला लावली. किल्ली पिठाच्या डब्यात आहे.

आधी क्वाडचं ऐक. तुला वाटतं, आई म्हातारपणी मोटरसायकलच्या हँडलच्या, चार जाड चाकांच्या राक्षसावर बसून रानोमाळ उधळते. बाबा गेले त्यानंतरच्या वसंतात ती सुरूच होईना. शेजारचे सेल्बीकाका येऊन कान लावून ऐकून गेले आणि चेहरा पाडून म्हणाले, "वहिनी, इंजिन संपलं हो. मी म्हणून घेतो, दुसरा कोणी दारात उभी करणार नाही." सेल्बीकाकांना एखादी वस्तू हवी असली की ती नेहमी संपलेली असते. मी सीट उचलली, एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत उंदरांचा संसार! बाबांचा तो करडा लोकरीचा मोजा आठवतो? शेवटच्या हिवाळ्यात हरवला म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि माझ्यावर आळ आला होता. त्या मोज्यात पाच गुलाबी पिल्लं झोपली होती. मी तिथेच जमिनीवर बसले, हसले आणि मग खूप रडले. पिल्लं मोज्यासकट लाकडाच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, नवा फिल्टर घातला आणि गाडी पहिल्या झटक्यात बोलली. तेव्हापासून तिची देखभाल मीच करते. दलदलीतून आलं की सायलेन्सरभोवतीचा चिखल धुवायचा, नाहीतर वाळलेलं गवत तापून पेटतं. नट आवळायचे, तेल बघायचं. चाकात हवा कमी ठेवायची. मऊ चाक दलदलीवर पसरतं, टणक चाक खाली जातं. गेल्या वर्षी आत्याच्या नवऱ्याने मदत म्हणून मोटारीच्या चाकाएवढी हवा ठासून भरली. मी चर्चपर्यंत चेंडूसारखी उडत गेले आणि त्या रविवारी प्रार्थना उभ्यानेच केली.

आणि हो, सरकारने सक्ती केली तो सुरक्षेचा वर्गही मी केला. गावच्या बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये होता. शिकवायला ब्रॅन्डी नावाची पोरगी आली होती, आवाज असा की बंदरातली बोट मागे फिरावी. तिने मला पहिल्याच वाक्यात 'आजी' म्हटलं, ते मी विसरलेले नाही. पण शिकवलं चांगलं. हेल्मेट घातल्याशिवाय किल्लीला हात नाही. एका सीटवर एकच माणूस. चढावर अंग पुढे, उतारावर मागे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला. पोटात बिअर असेल तर घरी बसा. सगळे माना डोलवत होते. मग ती म्हणाली, "आणि सगळ्यात महत्त्वाचं. निघताना घरच्या एका माणसाला सांगून जायचं, कुठे जातोय आणि कधी येणार."

ग्लेन्डा, डोलणाऱ्या सगळ्या माना जागच्या जागी थांबल्या. सगळा गाव बसला होता, आणि ऑगस्ट, म्हणजे दलदलीत बेकॲपल पिकायचा महिना, तोंडावर आला होता. शेवटी सेल्बीकाकांनी हात वर केला. "म्हणजे बेकॲपल वेचायला जातानाही सांगायचं?"

"तेव्हा तर आधी सांगायचं! दलदलीतच तर माणसं अडकतात."

"बाई, माझ्या बापाने मला त्याची जागा मरताना सांगितली. तीसुद्धा खोलीतून आईला बाहेर काढून."

"अहो काका, पण न सांगता गेलात आणि तिकडेच मेलात तर?"

"तर जागा तरी शाबूत राहील!" काका म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रॅन्डी पुढच्या धड्याकडे वळली. ती शहरातली आहे. बेकॲपल तिने बरणीतच पाहिलेली असणार. एका देठावर बोराएवढं एकच पिवळं फळ धरतं आणि एक बादली भरायला किती वेळा कंबर मोडावी लागते, हे तिला कुठून कळणार?

आता ज्यावरून तू फोनवर रडलीस, त्या दिवसाचं. मी रीतीप्रमाणे आत्याला फोन करून सांगितलं की लाँग पाँडला चालले आहे. लाँग पाँडला काही उगवत नाही, म्हणून तर सगळे तेच सांगतात. आणि गेले विरुद्ध दिशेला. बेकॲपल या वर्षी अशी लागली होती की दलदलीवर कोणी दिवे लावले आहेत असं वाटावं. बादली काठोकाठ भरली. तीच आपली खारवलेल्या मांसाची पांढरी बादली. आता ती ठेवायची कुठे? मागच्या कॅरिअरवर बांधली तर खड्ड्यांनी घरी पोचेपर्यंत सरबत होतं. मग मी तेच केलं जे तुझ्या आजोबांनी सायकलवर आणि बाबांनी क्वाडवर जन्मभर केलं. बादली हँडलला अडकवली. वर्गात ब्रॅन्डीने सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं, कारण असलं काही कोणी करत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल. उतार संपून दलदल लागते तिथे मी वळले, बादली फिरून बसली ती नेमकी अंगठ्याच्या ॲक्सिलरेटरवर. क्वाड भडकलेल्या मूस सांबरासारखी उधळली. ब्रेक दाबायला दोन्ही हात लागतात, आणि माझा एक हात बादलीला! त्या क्षणी जीव की बेकॲपल, असा प्रश्न होता आणि माझ्या हाताने मला न विचारता उत्तर दिलं. पुढची चाकं धप्पकन दलदलीत गेली. मी हँडलवर आपटले, हेल्मेट वाजलं, आतलं डोकं शाबूत राहिलं. बादलीतलं एक फळ सांडलं नाही. आत्याने तुला 'आई बेशुद्ध पडली होती' असं सांगितलं ते साफ खोटं आहे. मी पूर्ण शुद्धीत होते आणि शिव्या देत होते.

अडकलेली गाडी ओढून काढायला पुढे विंच असते, तिची तार काढून जवळच्या झाडाला बांधली. आपल्या दलदलीतल्या झाडांची मुळं किती खोल असतात तुला ठाऊकच आहे. गाडी जागची हलली नाही, झाड मात्र मुळांसकट माझ्याकडे चालत आलं. मग ब्रॅन्डीचं ऐकलं: अडकलात तर गाडी सोडून भटकू नका. कोरड्या जागी शेकोटी केली, किटली ठेवली, पाव आणि काकवी खाल्ली, आणि मधूनमधून शिट्टी वाजवत बसले.

ऊन कलताना पलीकडच्या टेकाडावरून एक क्वाड आली. सेल्बीकाका! बायकोला ते 'लाँग पाँडला जातो' असं सांगून निघाले होते. मला बघून त्यांचा चेहरा पकडलेल्या चोरासारखा झाला. त्यांच्याही हँडलला बादली, तिच्यावर जॅकेट घातलेलं. माझी बादली मी स्कर्टखाली सरकवली. काका आभाळाकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुम्ही लाँग पाँडला होता ना?"

"हो. आणि तुम्ही, भावोजी?"

"मीही तिथेच."

"मग आपण दोघंही इथे नाही आहोत."

"अजिबात नाही," म्हणाले आणि दोर काढला. बिचाऱ्याने चाकांखाली फांद्या घातल्या, दोर बांधला, मला ओढून बाहेर काढलं, आणि एवढं सगळं करताना मी कुठल्या बाजूने आले त्या चाकोरीकडे एकदाही मान वळवली नाही. त्यांच्या चाकोरीकडे मीही पाहिलं नाही. माणूस लबाड आहे, पण खानदानी.

आम्ही गावात पोचलो तेव्हा कळलं की आत्याने हाकाटी केली होती आणि सगळा गाव मला शोधायला लाँग पाँडला गेला होता. तू फोनवर म्हणालीस, "केवढी माणुसकी बघ, आई!" अगं, बघितली. एकूण एक माणूस बादली घेऊन गेला होता. माझी जागा सापडावी म्हणून वर्षानुवर्षं टपून बसलेले लोक, त्यांना वाटलं, वर्गानंतर ही तरी खरं सांगून गेली असेल, आयतीच सोय झाली. आम्ही भलत्याच दिशेने गावात शिरलो, आणि सगळे लाँग पाँडहून परतून रिकाम्या बादल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. कोणी म्हणालं नाही, देवाची कृपा, वाचली. आत्या म्हणाली, "तिथे काहीच उगवत नाही गं, खोटारडे!"

हसलीस ना? हस. आता जरा ऐक. त्या दलदलीत किटलीजवळ बसले होते तेव्हा मला भीती वाटली. मरणाची नाही. वाटलं, मी कुठे आहे हे या पृथ्वीवर एकालाही माहीत नाही. बाबा असताना असं कधी झालं नाही. गुडघे गेल्यावर ते यायचे नाहीत, खिडकीशी बसायचे. मी हेल्मेट चढवताना पेपरातून मान वर न करता विचारायचे, "तिथेच का?" मी म्हणायचे, "तिथेच." ब्रॅन्डीचा नियम आमच्या घरात पहिल्यापासून होता, पोरी. पाळणारा गेला. आणि मी दोन वर्षं आत्याला लाँग पाँड, लाँग पाँड सांगत हिंडते आहे.

म्हणून हे पत्र. क्वाड मी विकणार नाही, पण तुझी भीती खरी आहे हे मला त्या दलदलीत कळलं. तेव्हा पुढच्या ऑगस्टची सुट्टी आत्ताच मागून ठेव. जागा इथे लिहिणार नाही. तिला नाव नाही, आणि तुला हे पत्र पोचेपर्यंत ते कोणाकोणाच्या हातातून जाईल सांगता येत नाही. ती दाखवावी लागते, माझ्या आईने मला दाखवली तशी. तुझ्या शाळेतल्या लोकरी टोपीवरून माप घेऊन लाल हेल्मेट आणलं आहे, खुंटीवर माझ्या हेल्मेटशेजारी टांगलं आहे. आत्या काल त्याकडेच बघत होती. सेल्बीकाका त्यांची क्वाड तुला द्यायला तयार आहेत, फक्त कुठल्या दिशेला जाणार ते विचारत होते. मी म्हटलं, लाँग पाँडला. बादल्या या वेळी झाकण लावून पाठीवर बांधू. एकदा तू जागा बघितलीस की मग दरवर्षी निघण्याआधी मी तुला अल्बर्टाला फोन करीन. तू कामात असशील, असू दे. जास्त काही बोलायचं नाही. एवढंच विचारायचं, "तिथेच का?"

तुझीच, हेल्मेटसकट,
आई